शेवटचा एक टक्का

आमचे सर कुणाच्या घरी गेले की चहाला आधी नको म्हणायचे आणि मग घरात कॉम्प्युटर आहे का, असं विचारायचे. नसला तर चहा घेऊन निघायचे. असला तर खुर्ची ओढून बसायचे, खिशातला चष्मा डोळ्यांवर चढवायचे आणि सेटिंगमध्ये शिरायचे. एक खिडकी उघड, तिच्या आतली दुसरी, तिच्या आतली तिसरी असं करत ते पॉवर ऑप्शनच्या तळाशी एका ओळीपाशी पोचत. प्रोसेसरनं जास्तीत जास्त किती टक्के जोर लावायचा, ते त्या ओळीत लिहिलेलं असतं. बहुतेक सगळीकडे तिथं शंभर असतात. सर ते खोडून नव्याण्णव करत, चष्मा काढत आणि उठत. घरातली माणसं विचारत, काय झालं? सर म्हणत, काही नाही. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असे, तेवढा मी कुणाच्या मुलाचं लग्न जमल्यावरही पाहिलेला नाही.

भोरमध्ये लोक त्यांना नव्याण्णव सर म्हणत. अर्थात माघारी. तोंडावर नुसतं सर. ते पूर्वी हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवत असत आणि तिथंही त्यांनी कधी कुणाला पैकीच्या पैकी मार्क दिले नाहीत, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात. मी त्यांच्या हाताखाली शिकलेली नाही. मी त्यांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला होते. वेल्ह्याकडची मी, सकाळी एसटी धरून नसरापुरापर्यंत यायचं आणि तिथून दुसरी गाडी धरून भोर गाठायचं. गाडी चुकून मी धावत-पळत, घामाघूम होऊन क्लासला पोचले की सर उशिराबद्दल एक शब्द बोलत नसत. धावल्याबद्दल बोलत. धावून किती मिनिटं वाचली, आणि आता दम खाण्यात किती चालली आहेत, हे ते मला वजाबाकी करून दाखवत.

त्यांचं म्हणणं मी थोडक्यात सांगते, कारण ते स्वतः कधी थोडक्यात सांगत नसत. सगळ्या बाबतीत कमी करणारा हा माणूस या एका विषयात भरभरून बोलत असे. प्रोसेसरचा एक ठरलेला वेग असतो. पण शंभर टक्क्यांची मोकळीक दिली की तो ठरलेल्या वेगाच्याही वर उडी मारतो. त्या उडीला जास्त व्होल्टेज लागतं. व्होल्टेज वाढलं की उष्णता वाढते, उष्णता वाढली की पंखा जोरात फिरतो आणि पंख्याला पुन्हा वीज लागते. तो वरचा एक टक्का काढून घेतला की उडी बंद होते आणि मशीन आपल्या ठरलेल्या वेगानं गुमान चालतं. पत्र टाइप करणाऱ्याला फरक कळतसुद्धा नाही. शेवटचा एक टक्का सगळ्यात जास्त खातो, हे त्यांचं आवडतं वाक्य. पालीहून राजगड चढणाऱ्या पोरांचा दाखला ते हटकून देत. जो खालून पळत सुटतो तो निम्म्या वाटेवर पालथा पडतो आणि मागून चालत येणारा त्याला पाणी पाजतो.

आणि हे सगळं नुसतं लोकांना सांगण्यापुरतं नव्हतं. सर स्वतः नव्याण्णव टक्क्यांवरच चालत. कदाचित साठ. जिना चढताना एका पायरीवर दोन्ही पाय टेकवल्याशिवाय ते पुढची पायरी घेत नसत. विनोद झाला तर अर्धं हसत आणि उरलेलं गिळून टाकत. पंगतीत वाढपी शेवटची जिलबी घेऊन आग्रहाला आला की ते पानावर आडवा हात धरून त्यालाही शेवटच्या टक्क्याचं समजावून सांगत, तोवर मागची पंगत खोळंबून राही. एकदा एसटीत ते ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले होते आणि चढावर गिअर कधी टाकावा हे त्याला सुचवत होते. वरंधा घाटात रोज गाडी घालणारा माणूस तो. त्यानं मान न वळवता विचारलं, "काका, तुमी मागं बसता का म्या खाली उतरू?" सर शांतपणे मागे जाऊन बसले.

लोक त्यांचं ऐकून घेत, पण करत मात्र काही नसत. पालथ्या घड्यावर पाणी. सरांची पाठ वळली की ज्याचा कॉम्प्युटर तो पुन्हा शंभर करून टाकी. बाजारपेठेतल्या फोटो स्टुडिओवाल्याकडे तर सर फारच उत्साहात आले आणि नव्याण्णव सोडून थेट साठावर उतरले. त्या दिवशी त्याला एका लग्नाचा अल्बम आणि व्हिडिओ तयार करून द्यायचा होता. मुलीचे वडील दुकानात बसून. पडद्यावरची पट्टी सरकता सरकेना. संध्याकाळी स्टुडिओवाला क्लासच्या दारात आला आणि हात जोडून म्हणाला, "सर, तुमचं ऐकलं आसतं तर नवरानवरीला पोरं झाल्यावर आल्बम मिळाला आसता." सरांनी त्याला आत बोलावलं, बसवलं आणि मशीन किती गार होतं ते हात लावून पाहिलंस का, असं विचारलं. त्यानं पाहिलं नव्हतं. सरांना याचंच वाईट वाटलं.

क्लासमधली दहा मशिनं मात्र त्यांच्या मुठीत होती. भोरच्या बाजारातून आत जाणाऱ्या एका गल्लीत त्यांचं घर. खालच्या हॉलमध्ये क्लास आणि वर ते दोघं नवरा-बायको. दहाही मशिनं एकाच दुकानातून, एकाच दिवशी आलेली. सरांना नुसत्या टक्क्यांवर समाधान नव्हतं. त्यांनी प्रत्येक मशीन सुरू होतानाच्या निळ्या पडद्यात शिरून प्रोसेसरचं व्होल्टेजही जरा जरा खाली आणलं होतं. बाकीच्या नऊ मशिनांनी ते मुकाट्यानं सोसलं. चौथं मशीन सोसेना. ते सुरू व्हायचं, अर्ध्यावर यायचं आणि गचकायचं. सर रोज दुपारी त्याच्यासमोर बसून एक घर वर, एक घर खाली करत. शेवटी त्यांनी त्याच्यापुढे हार मानली आणि त्याला हवं तेवढं व्होल्टेज देऊन टाकलं. सख्खे भाऊ असले तरी एकाला दोन भाकऱ्या लागतात, दुसऱ्याला अडीच, असं ते मला म्हणाले. त्यानंतर त्या मशीनला त्यांनी कधी बोल लावला नाही. हट्टी माणूस होता, पण हरल्यावर कुरकुर करणारा नव्हता.

हे सगळं ते गंमत म्हणून करत नव्हते, हे इथंच सांगायला हवं. वर काकू होत्या.

सरांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणत असू. त्यांची फुफ्फुसं आतून आवळत चालली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे मागं फिरत नाही, फक्त जितकं हळू जाईल तितकं बरं. सरांनी नोकरीची वर्षं शिल्लक असताना शाळा सोडली आणि घराच्या खालीच क्लास काढला, म्हणजे दिवसभरात कधीही बायको एका जिन्याच्या अंतरावर असेल. मूलबाळ त्यांना नव्हतं. काकूंच्या कॉटशेजारी ऑक्सिजनचं मशीन असे, चाकाच्या बॅगेएवढं. ते हवेतला ऑक्सिजन वेगळा काढी आणि नळीनं त्यांच्या नाकात सोडी. त्याला वीज लागे, तीही अखंड. भोरमध्ये वीज अखंड असते असं कुणी म्हणणार नाही. म्हणून जिन्याच्या वळणावर इन्व्हर्टर बसवलेला होता, आणि अगदीच अडलं तर काकूंच्या खोलीच्या कोपऱ्यात ऑक्सिजनचा एक सिलिंडर. वर काकूंचं मशीन आणि खाली आमची दहा, सगळी त्याच एका इन्व्हर्टरवर.

वायरमन दर दिवाळीला सांगून जाई की सर, वर एक निराळा इन्व्हर्टर टाका. सर त्याला फराळाची बशी देत आणि सांगत, मोठं काय, कुणीही घेतं. कमी करता आलं पाहिजे. त्यांनी ते कमी करूनही दाखवलं होतं. वीज गेली तरी वरचं मशीन चालू राही आणि खालची बॅचही. सरांनी दहा मशिनांच्या तोंडातून घास घास काढून वर पोचवला होता, आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटे. क्लास बंद ठेवायला त्यांची ना नव्हती, पण काकूंची होती. आपल्यापायी पोरांचं शिक्षण अडलं, हे त्यांना सहन झालं नसतं.

आणखी एक फायदा होता, तो मला फार उशिरा कळला. मशिनं गार म्हणून त्यांचे पंखे जवळजवळ बंद, आणि पंखे बंद म्हणून हॉल शांत. त्या शांततेत छतातून काकूंच्या मशीनचा आवाज खाली झिरपत असे. घर्रर्र, घर्रर्र, आणि मधेच एक सुस्कारा. सर फळ्यावर लिहीत असत, पोरांच्या चुका काढत असत, पण त्यांचा एक कान कायम वर लागलेला असे. नवीन पोरं विचारत, वर पाण्याची मोटर आहे का? जुनी पोरं त्यांना कोपरानं ढोसून गप्प करत.

नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी सर माऊस शिकवायच्या आधी इन्व्हर्टर शिकवत. लोड जास्त झाला की तो बीप बीप वाजतो. वाजत राहिला आणि कुणी काही केलं नाही, तर थोड्या वेळानं तो सगळंच बंद करतो, वरचंही आणि खालचंही. म्हणून बीप वाजली की घाबरायचं नाही, ओरडायचं नाही. ज्याच्यावाचून अडत नाही ते आधी बंद करायचं. छतावरचे पंखे, प्रिंटर, स्पीकर. हे नुसतं सांगून ते थांबत नसत. घरातली इस्त्री आणून, मुद्दाम ती लावून ते बीप वाजवून दाखवत आणि पोरं बटणांकडे धावत. धावली की पुन्हा करायला लावत, या खेपेला चालत.

काकूंशी माझं गूळपीठ जमलं ते माहेरामुळं. त्यांचं माहेर गुंजवण्याकडचं आणि माझं गाव त्यांच्या माहेरच्या वाटेवर. दुपारचा डबा घेऊन मी वर जायचे. त्या उशांना टेकून बसलेल्या, नाकात नळी, आणि डोळ्यांत मिश्कीलपणा. बोलताना वाक्याच्या मधे थांबून श्वास घ्यावा लागे, त्यामुळं त्यांचं साधं बोलणंसुद्धा आपण कान देऊन ऐकत असू. नवऱ्याची थट्टा करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. लग्नाच्या वरातीत बँडवाल्याला निम्म्या जोरात वाजव म्हणणारा दुसरा नवरदेव आख्ख्या मावळात झाला न्हाई, असं त्या सांगत.

पण सर संध्याकाळी वर येऊन त्या दिवशी कुठल्या मशीनचं काय कमी केलं ते सांगायला बसले की त्या थट्टा करत नसत. सगळं ऐकत. सातवीपर्यंत शिकलेल्या काकूंना व्होल्टेज म्हणजे काय, लोड म्हणजे काय, चौथं मशीन का रुसतं, सगळं तोंडपाठ होतं. इन्व्हर्टरच्या गुणगुणण्यावरून खाली किती पोरं बसली आहेत हे त्या ओळखत, आणि फारशा चुकत नसत. त्या भर उन्हाळ्यातही पंखा लावत नसत. विचारलं तर म्हणत, "कशाला? वारा येतोय की खिडकीतनं." मी खिडकीकडे पाही. वारा कधी येई, कधी नसे.

तर त्या एप्रिलात बॅचची परीक्षा आमच्याच हॉलमध्ये घ्यायचं ठरलं. पेपर ऑनलाइन, मशिनवरच सोडवायचा. पुण्याहून एक पर्यवेक्षक येणार होता. बॅचमध्ये पालीची एक मुलगी होती. तिची आई गडावर येणाऱ्या लोकांना पिठलं-भाकरी करून घाले, आणि भोरमधल्या एका कचेरीत तिला काम मिळायचं होतं ते या परीक्षेवर अडलं होतं. तिनं काकूंना एकदा नाचणीची भाकरी आणून दिली होती, तेव्हापासून ती काकूंची लेकच झाली होती. परीक्षेच्या आदल्या दुपारी काकूंनी मला विचारलं, मधेच लाईट गेली तर पोरांचं कसं? मी म्हटलं, इन्व्हर्टर आहे. त्या म्हणाल्या, आणि इन्व्हर्टरच बसला तर? पर्यवेक्षकानं फोनवर सांगितलं होतं की पेपर मधे तुटला तर रद्द धरला जाईल आणि पुढच्या परीक्षेला बसावं लागेल, तीही कधी ते नक्की नाही. मी तसं त्यांना सांगितलं. त्या बराच वेळ नळी हातात धरून बसल्या.

पर्यवेक्षक सकाळी आला. गळ्यात ओळखपत्र, वयानं आमच्या पोरांपेक्षा थोडासाच मोठा. त्यानं पहिलं मशीन उघडून पाहिलं आणि सगळी मशिनं फुल परफॉर्मन्सवर टाका म्हणून सांगितलं. सरांनी विचारलं की चार उत्तरांतल्या एकावर टिचकी मारायला उडी कशाला लागते? तो म्हणाला, सर, तसा नियम आहे, मला वर उत्तर द्यावं लागतं. हे सरांना पटलं. ज्याला वर उत्तर द्यावं लागतं त्याची अडचण त्यांना कळत असे. ते स्वतः उठले आणि एकेका मशीनपाशी बसून त्यांनी नव्याण्णवचे शंभर केले. व्होल्टेजही जागेवर आणलं. त्यांच्या हातून हे पाहायला मला बरं वाटत नव्हतं. आयुष्यभर दारू न प्यालेल्या माणसानं कुणाच्या भिडेखातर पेला उचलावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

पेपर सुरू झाला आणि दहाही मशिनांचे पंखे चढले. एवढ्या वर्षांत त्या हॉलमध्ये मी असा आवाज ऐकला नव्हता. पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटत होतं. सर जिन्यापाशी उभे होते आणि मान थोडी तिरकी करून वर कान देत होते. काही ऐकू येत नव्हतं.

पेपर निम्म्यावर आला असेल, तोच वळवाचं वारं सुटलं. कुठंतरी फांदी तारेवर पडली असावी. दिवे गेले, इन्व्हर्टर टक्कन लागला आणि लगेच बीप बीप सुरू झाली. पोरं शिकवल्याबरहुकूम उठायला लागली, तर पर्यवेक्षक त्यांना जागेवर बसा म्हणून दटावू लागला. मी छतावरचे पंखे बंद केले, दिवे बंद केले, प्रिंटरची पिन काढली. बीप चालूच. सर म्हणाले, थांबा, अजून वेळ आहे, आणि ते विचार करत उभे राहिले. पोरांच्या माना मशिनांत खुपसलेल्या. पालीच्या मुलीचे ओठ पांढरे पडले होते.

मग बीप थांबली.

पर्यवेक्षकानं सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला. सर मात्र तसेच उभे. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहाही मशिनं पाहिली. सगळी चालू होती. ते माझ्याकडे वळले आणि वर्गात गणित विचारावं तसं त्यांनी मला हळू आवाजात विचारलं, "मॅडम, बीप थांबली म्हणजे लोड कमी झाला. तुम्ही पिन काढल्यानंतर इथं तर कुणी काही बंद केलं नाही. मग कुठं कमी झाला?"

उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. त्या माणसाला मी जिना पळत चढताना पाहिलं. मधल्या पायऱ्यांवर त्यांचा पाय लागला की नाही, कोण जाणे. मीही मागोमाग धावले.

काकू उशांना टेकून बसल्या होत्या. नळी नाकातच होती, पण मशीनचं बटण बंद होतं आणि त्यांचा हात अजून त्या बटणावर होता. ओठ जांभळे झाले होते. छाती वर-खाली होत होती, पण तिच्यात काही जात नव्हतं. सरांनी मशीनला हात लावला नाही. ते लावलं असतं तर बीप पुन्हा सुरू झाली असती आणि मग सगळंच गेलं असतं. एवढं भान त्यांना त्या वेळीही होतं. ते कोपऱ्यातल्या सिलिंडरकडे वळले. किल्ली घट्ट. एकदा निसटली, दुसऱ्यांदा निसटली. आम्ही दोघांनी मिळून ती फिरवली, नळी बदलली, आणि मग दोघं जमिनीवर बसून त्यांच्या ओठांकडे बघत राहिलो. मी देवाचं नाव घेत होते. सर काय म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही.

रंग हळूहळू परत आला. काकूंनी डोळे उघडले आणि पहिलं विचारलं ते पोरांचं.

"चालू हाय का त्यांचं?"

मी म्हटलं, चालू आहे. मग सरांनी त्यांना विचारलं, तेही असं, की मला ते आठवलं तरी अजून गलबलतं.

"बंद का केलंस गं?"

काकूंनी त्यांच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. श्वासासाठी थांबत, थांबत त्या बोलल्या.

"अवं, बीप वाजत हुती. तुमीच सांगता न्हवं पोरांना, ज्याच्यावाचून अडत न्हाई ते आदी बंद करायचं. हितं पंखा न्हाई, दिवा न्हाई. म्या समदीकडं बघितलं. मग राहिलं काय?"

सर त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिले. खालून पंख्यांचा आवाज येत होता. मी खाली जायला निघाले तेव्हा काकू त्यांना समजावत होत्या, की थोडाच वेळ तर होता, म्या काढला आसता. अपराध त्यांच्याकडून झाला होता आणि सरांनी तो पोटात घालावा, असा त्यांचा सूर होता.

पेपर पुरा झाला. कुणाचाही तुटला नाही. पर्यवेक्षकानं उत्तम व्यवस्था होती असं लिहून दिलं आणि तो पुण्याला गेला. पुढं निकाल लागला तेव्हा पालीची मुलगी पेढे घेऊन आली. पहिला पेढा ती काकूंना द्यायला वर गेली आणि काकूंनी तो तिच्याच तोंडात घातला. त्या दिवशी वर काय झालं होतं ते तिला कुणी सांगितलं नाही. काकूंनीच तशी शपथ घातली होती.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन आला. सरांनी त्याला स्वतः फोन करून बोलावलं होतं. वर नवा, निराळा इन्व्हर्टर बसला, चांगला मोठा. काकूंच्या खोलीत पंखाही सुरू झाला आणि तो बंद करायचा नाही, असं सरांनी त्यांना बजावलं. खालची मशिनं शंभरावर होती ती शंभरावरच राहिली. हॉलमध्ये आता कायम आवाज असे. सरांनी आपलं टेबल उचलून जिन्याच्या पहिल्या पायरीला लावलं आणि दर थोड्या वेळानं ते वर जाऊन येऊ लागले.

पुढच्या महिन्यात नवी बॅच आली. पहिल्या दिवशी मी सवयीनं घरातली इस्त्री खाली आणून ठेवली होती. सर उठले, त्यांनी पोरांना माऊस दाखवला, कीबोर्ड दाखवला, मशीन चालू कसं करायचं ते दाखवलं. इन्व्हर्टरचं नाव नाही. राजगडाचं नाव नाही. पोरं गेल्यावर मी म्हटलं, "सर, शेवटच्या टक्क्याचं सांगायचं राहिलं की आज."

सर बराच वेळ चौथ्या मशीनचा पडदा रुमालानं पुसत राहिले.

"नको आता, मॅडम," ते म्हणाले. "आख्ख्या भोरभर सांगत फिरलो. कुणी ऐकलं नाही, ते किती बरं झालं. मनापासून ऐकलं ते एकट्या तिनं."